कागणेंच्या नावाचा परवाना

नांदेड, मंगळवार

तीर्थरूप अव्वाला शिवलीलाचा शरणार्थ.

मी बरी हाय, जेवण वेळेवर होतंय. आप्पाचे गुडघे कसे हायेत? देवणीच्या डॉक्टरला दाखवलं का?

आमच्या बियाणांच्या कंपनीची सगळी माहिती एका मोठ्या कॉम्प्युटरवर असते. ती उघडायला माणसागणिक एक परवाना लागतो, आणि तो त्या माणसाच्या नावानंच असतो. कोण वापरतं अन् कोण न्हाई, याची यादी साहेबांनी मला करायला सांगितली.

यादीत दयानंद कागणे या नावानं रोज सकाळी नऊला कॉम्प्युटर उघडल्याची नोंद लागत होती. पण हापिसात असा माणूस मला कधी दिसला न्हाई. चहा देणाऱ्या गुणाबाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "अगं पोरी, दयानंदराव वारून दोन वर्षं झाली. तू बसतीस ती खुर्ची त्यांचीच."

साहेब हसले. "आपोआप उघडत असेल. काढून टाक त्यांचं नाव," म्हणाले. काल मी ते काढलं.

आज दहाला येऊन यादी बघितली, तर नऊला माझं नाव लागलेलं. माझा पासवर्ड मी कुणालाच सांगितलेला न्हाई. अन् अव्वा, नऊला मी खोलीवर भाकरी थापत होते.

साहेबांना अजून बोलले न्हाई. तू काळजी करू नको. रविवारी वीरेशदादाला तेवढं न्यायला पाठव, मी पिशवी भरून ठेवते.

तुझीच,
शिवलीला