बिनआवाजाचा कॉम्प्युटर

ता. ३ जून

चि. डॉक्टरसाहेबांस,

अनेक आशीर्वाद. गुडघा सोडला तर मी खुशाल आहे. तुझी खुशाली विचारत नाही, कारण तू ‘मजेत’ असं लिहिणार आणि ते वाचून मला पुन्हा राग येणार.

सूनबाईचा फोन आला होता. हल्ली तू ताट उचलून आपल्या खोलीत नेतोस आणि दार लावून जेवतोस म्हणे. कानाला यंत्र लावा असं डॉक्टरांनी सांगूनही वर्ष होत आलं, तू नुसता हो-हो करतोस. फोनवर तुला ऐकू येत नाही, मला प्रवास झेपत नाही, आणि पत्रात तू बेमालूम खोटं लिहितोस. चेहऱ्याने मात्र तुला खोटं बोलता येत नाही, हे तू रांगत होतास तेव्हापासून मला ठाऊक आहे. तेव्हा मी घरी कॉम्प्युटर घेणार आहे. तुझ्या मुलाच्या कॉम्प्युटरला कॅमेरा आहेच. मी समोर बसेन, तुझं तोंड बघेन आणि टाइप करून तुझी खरडपट्टी काढेन. मोबाइल सुचवू नकोस. त्यात माणसाचं तोंड पोस्टाच्या तिकिटाएवढं दिसतं.

तयार कॉम्प्युटर पेन्शनला परवडणारा नाही, म्हणून सुटे भाग निवडून जोडून घेते आहे. जन्मभर कॉलेजात तर्कशास्त्र शिकवलं. एवढं मला जमायला हरकत नाही. पॉवर सप्लाय चांगल्या प्रतीचा घेतला, कारण पोटाची आबाळ झाली की सगळं शरीर कुरकुरतं. साधा कॅमेराही घेतला, म्हणजे तुलाही माझं रागावलेलं तोंड दिसेल. कॅबिनेट साधं काळं. दुकानदार रंगीत दिव्यांचं दाखवत होता. त्याला म्हटलं, मला सर्कस काढायची नाही. प्रोसेसरमध्ये एकाच जातीचे दोन प्रकार निघाले. एकात ग्राफिक्सची सोय आतच असते, दुसऱ्यात नसते आणि तो स्वस्त. ग्राफिक्स हे खेळ खेळणाऱ्यांना लागतं, मी खेळ खेळत नाही, म्हणून स्वस्तातला घेतला. स्पीकर आणि माइक यांवर काटच मारली. तुला ऐकू येत नाही आणि मला दुसऱ्या कुणाचं ऐकायचं नाही. दुकानदार मधे मधे तोंड उघडत होता. माझं वाचून होईपर्यंत गप्प बसा, असं त्याला सांगावं लागलं.

लोभ आहेच, तो कमी व्हायच्या आत कान दाखवून ये.

तुझी,
ताई

ता. १० जून

ती. ताईस,

कृ. सा. न. वि. वि. मी मजेत आहे.

सूनबाई चहाडखोर आहे हे कळलं. तिला मी काही म्हणणार नाही, कारण ती काय उत्तर देते ते मला ऐकू येणार नाही. जन्मभर गुराढोरांचा डॉक्टर होतो. माझे पेशंट कधी बोललेच नाहीत, त्यामुळे कान गेल्याचा पत्ता मला सगळ्यांत शेवटी लागला. कानामागे यंत्र अडकवून हिंडायचं म्हणजे मी कानाला बिल्ला मारलेल्या म्हशीसारखा दिसेन. त्या बिचाऱ्यांना मीच किती बिल्ले मारले असतील.

ताटाचं विचारलंस म्हणून सांगतो. जेवताना सगळे हसले की मीही हसतो, पण थोडा मागाहून. गेल्या महिन्यात नातीने ते पकडलं आणि सगळ्यांदेखत विचारलं की आजोबा नंतर का हसतात. तिचा काही दोष नाही. पण तेव्हापासून मी खोलीत जेवतो. वडिलांसमोर मुकाट जेवायची आपल्याला सवय होतीच, तेव्हा फार जड जात नाही.

तुझ्या कॉम्प्युटरपुढे बसेन, पण एका बोटाने टाइप करतो. तुझ्या एका शिवीला उत्तर देईपर्यंत तुझ्या दहा येतील. ते काही मला जमायचं नाही, ताई. राहू दे.

माया पातळ होऊ देऊ नकोस, राग हवा तेवढा पातळ कर.

तुझा,
भाऊ

ता. १९ जून

चि. डॉक्टरसाहेबांस,

आशीर्वाद. हे पत्र वाचून झालं की फाडून टाक.

कॉम्प्युटर जोडून घरी आला. मी बटण दाबलं. पंखा फिरला, हिरवा दिवा लागला, आणि पडद्यावर अक्षरं आली की सिग्नल नाही. मग काळोख. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. मी वायरी तपासल्या. वायरी बरोबर होत्या. मग भिंतीतला सॉकेट खराब ठरवला आणि वायरमनला बोलावलं. त्याने टेबलफॅन लावून दाखवला, फॅन चालला. मग मी मॉनिटर सदोष ठरवला आणि रिक्षातून मांडीवर घेऊन दुकानात गेले. वाटेत खड्डा आला की मी त्याला तान्ह्या मुलासारखं पोटाशी धरत होते.

दुकानदाराने तो दुसऱ्या कॉम्प्युटरला लावला. लख्ख चित्र आलं. मग तो अत्यंत आदराने म्हणाला, बाई, ग्राफिक्स म्हणजे खेळ नव्हे. कॉम्प्युटरमधलं जे काही पडद्यावर दिसतं, अगदी साधं अक्षरसुद्धा, ते सगळं त्यातूनच येतं. तुम्ही घेतलेल्या प्रोसेसरमध्ये ती सोय नाही, वेगळं कार्डही तुम्ही घेतलं नाही. मी विचारलं, मग तेव्हाच का नाही सांगितलंत. तो म्हणाला, तुम्ही गप्प बसायला सांगितलं होतं.

थोडक्यात, भावाचं तोंड बघायचं म्हणून मी यंत्र घ्यायला निघाले आणि तोंड दाखवणारा तेवढा भाग काटकसरीत उडवला. प्रश्न नीट न वाचता उत्तर लिहिलं म्हणून मी किती मुलांना नापास केलं असेल. ती सगळी आता कुठे ना कुठे पोटभर हसत असतील. दिवसभर पंखा फिरवत ठेवते. निदान वारा येतो.

लोभ असावा, आणि त्यात कीवही चालेल.

तुझी,
ताई

ता. २५ जून

ती. ताईस,

कृ. सा. न. वि. वि. पत्र फाडलं नाही. उलट पत्र हातात घेऊन बाहेरच्या खोलीत गेलो, सगळ्यांना बसवलं आणि मोठ्याने वाचून दाखवलं. मॉनिटर पोटाशी धरल्याचं आलं तेव्हा सूनबाई पदरात तोंड लपवून हसत होती, मुलाच्या डोळ्यांतून पाणी आलं. आणि ताई, या वेळी मी सगळ्यांच्या बरोबरीने हसलो. विनोद कुठे येणार ते मला आधीच ठाऊक होतं ना.

ते कार्ड घेऊन टाक. बसतो मी तुझ्यासमोर. एका बोटाने.

तुझ्या अकलेवरचा माझा विश्वास तसाच आहे. माझ्यावरचा लोभही तसाच ठेव.

तुझा,
भाऊ

ता. ४ जुलै

चि. डॉक्टरसाहेबांस,

आशीर्वाद. कुण्या खेळाडूने काढून टाकलेलं जुनं ग्राफिक्स कार्ड दुकानदाराने स्वस्तात बसवून दिलं. खेळ खेळत नाही म्हणणारीच्या कॉम्प्युटरमध्ये शेवटी खेळाचंच कार्ड आलं. असो. त्यामुळे रविवारी तू दिसलास.

वाळला आहेस. शर्टाचं बटण एक घर चुकलं होतं. मी विचारपूस टाइप केली आणि तू एक बोट उगारून कीबोर्डवर अक्षरं शोधत बसलास. तुझ्या टकलाशिवाय मला काही दिसेना. शेवटी संतापून मी तोंडानेच बोलायला लागले. माइक नाही हे डोक्यातच नाही. आणि तू मान वर करून उत्तर दिलंस. मला काय विचारतेस, तुझा गुडघा कसा आहे, असं तू म्हणालास, आणि स्पीकर नसताना मला ते कळलं.

वडिलांच्या पंगतीतलं सगळं आठवलं. जेवताना चकार शब्द काढायची बंदी, आणि आपण समोरासमोर बसून नुसत्या ओठांनी गप्पा मारायचो. वडिलांना शेवटपर्यंत पत्ता लागला नाही. रविवारी कॉम्प्युटरवर मी किती वेळ बोलले आणि घरात एक शब्द उमटला नाही. पलीकडच्या शेजारणीने येऊन विचारलं की एकट्याच हातवारे का करता.

कानाच्या यंत्राचं काढलं तेव्हा मात्र तू तोंड फिरवलंस. मग काहीतरी बोललास, पण दाराकडे बघून. नात तुझी बाही ओढत होती. तू उठून गेलास आणि मी रिकाम्या खुर्चीकडे बघत बसले. काय म्हणालास?

उत्तर येईपर्यंत लोभ रोखून धरला आहे.

तुझी,
ताई

ता. ११ जुलै

ती. ताईस,

कृ. सा. न. वि. वि. दाराकडे बघून मी नातीला म्हणालो की माझंही ताट बाहेरच वाढ. ती बोलवायला आली होती. तिचे ओठ मला आता बरे वाचता येतात. पंगतीत मात्र सगळे एकदम बोलतात, तेव्हा माझे डोळे पुरत नाहीत.

म्हणून मंगळवारी सूनबाईबरोबर जाऊन कानाचं माप देऊन आलो. यंत्र पुढच्या आठवड्यात मिळेल. बिल्ला मारताना म्हशी फार काही बोलत नसत, मीही बोललो नाही.

तेव्हा आता स्पीकर आणि माइक घे. कुठले ते तूच ठरव. फक्त या वेळी दुकानदाराला बोलू दे.

रोखलेला लोभ आता सोडावा, ही विनंती.

तुझा,
भाऊ