सात नंबरचा स्टँड

८ नोव्हेंबर

चि. गुंड्यास,
अ. उ. आ.

दातांचा मोठा डॉक्टर, डोक्यावरचे केसही गेले, तरी ताई गुंड्याच म्हणते म्हणून रागावू नकोस. पाळण्यात तुला झोके मी दिलेत, तेवढा हक्क आहे. दवाखाना बंद केल्यापासून तू म्हणे गॅलरीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला साखर सोडायचा उपदेश करतोस. तुझी सौ. फोनवर अगदी रडकुंडीला आली होती, म्हणून तुला कामाला लावते आहे.

तीस तारखेला आमच्या लग्नाला चाळीस वर्षं होतील. अंगणात लांबलचक टेबल मांडून सगळ्यांना जेवायला बोलावलंय. सूनबाई हल्ली घरीच मेणबत्त्या ओतते. बारा झाल्यात, एकीसारखी दुसरी नाही. त्यांना लाकडी स्टँड हवेत. दुकानातले पाहिले, पण मनात भरले नाहीत. तुझ्या दवाखान्यातलं, पेशंट बसायचे ते सागवानी बाकडं मोडून तू गॅलरीत रचून ठेवलंयस ना? त्याच्या तुकड्यांतून बारा स्टँड कर.

आता दुसरं, म्हणजे खरं तर पहिलं. त्या दिवशी तू जेवायला यायचंस. तुझ्या निरोप समारंभात ह्यांनी भाषणात म्हटलं की आज गावातल्या सगळ्या दातांनी सुटकेचा निःश्वास टाकला. लोक हसले, तू उठून गेलास, त्याला वर्ष झालं. फोन हे उचलतील म्हणून तू फोनसुद्धा करत नाहीस. दातांच्या डॉक्टरनं इतका दात धरावा? हेही काही कमी नाहीत. रिटायर झाले तरी मुख्याध्यापकच, चूक नेहमी समोरच्याची. मला साडी नको, दागिना नको. तुम्ही दोघं एका टेबलावर जेवताना दिसलात की मला सगळं पोचलं.

घरी सगळ्यांना आशीर्वाद. ताईवर जीव आहे तसाच ठेव आणि उत्तर लिही.

तुझी,
ताई

१२ नोव्हेंबर

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

स्टँड करतो. येणार नाही. दोन्ही एकदमच सांगून टाकलं म्हणजे बरं.

मी रागावलेलो नाही. पण ज्या माणसाच्या बत्तीशीची मी जन्मभर निगा राखली, त्यानं माइकवरून माझी अशी बोळवण केली, तर त्याच्यासमोर बसून मला घास उतरायचा नाही, इतकंच.

काम झकास चाललंय. शेजाऱ्यांची करवत मागून आणली. फळी धरायला सौ.ला बसवलं आणि सवयीनं फळीलाच सांगितलं की दुखलं तर डावा हात वर करा. सौ. जी आत गेली ती संध्याकाळपर्यंत बाहेर आली नाही. एका ठोकळ्यातली गाठ काळी पडून किडली होती. मला काही राहवेना. कोरून साफ केली आणि चांदी भरली. छान चकाकते. आता तो ठोकळा आणखी वीस वर्षं सहज काढेल.

बाकड्याच्या एका टोकाला नखांचे ओरखडे आहेत. नंबर येईपर्यंत ती कड मुठीत धरून कोण बसायचं, ते मला ठाऊक आहे. नाव लिहीत नाही.

भोकं पाडायची आहेत, तेव्हा मेणबत्त्या पाठव. बाराच्या बारा. अंदाजपंचे काम मी कधी केलं नाही आणि करणार नाही.

तुझा लोभ आहेच. तो भावोजींच्या वाट्यातून कापून थोडा जास्त दिलास तरी चालेल.

तुझा,
गुंड्या

१६ नोव्हेंबर

चि. गुंड्यास,
अ. उ. आ.

बसच्या ड्रायव्हरबरोबर मेणबत्त्या पाठवल्यात, सांभाळून उतरवून घे. लाकडाला चांदी भरणारा तू जगात पहिलाच असशील. ह्यांना सांगितलं तर हसू आवरायला वर्तमानपत्राआड गेले. मग विचारायचं नाही असं दाखवत तीनदा विचारलं की त्या कसायाचं पार्सल कधी यायचंय.

ह्यांचं मात्र काय बिनसलंय कळत नाही. कडक काही नको म्हणतात. मऊ भात कालवून घास नुसते गिळतात, ताटातले शेंगदाणे वेचून बाजूला ठेवतात. दिवसभर गालाला हात लावून बसतात आणि विचारलं की म्हणतात, विचार करतोय. चाळीस वर्षांत ह्यांना इतका विचार करताना मी पाहिलेलं नाही. चौकात दातांचा नवा डॉक्टर आलाय. त्याचं नाव काढलं की हे उठून बागेला पाणी घालायला जातात. परवा पाऊस पडत होता तरी गेले.

तू येच रे. दोघांच्या मध्ये माझं भरीत करू नका.

वाट बघणारी,
ताई

२२ नोव्हेंबर

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

स्टँड आणि मेणबत्त्या पाठवतोय. आता नीट वाच.

सूनबाईच्या मेणबत्त्या म्हणजे एकेकीची तऱ्हा. कुणी बुडाशी फुगलेली, कुणी कलती, एक तर चक्क लंगडी. कवळीसाठी घेतो तसं मी प्रत्येकीच्या बुडाचं माप साच्यात घेतलं आणि त्याबरहुकूम तिचं भोक कोरलं. एकीच्या जागेत दुसरी बसणार नाही. म्हणून मेणबत्त्यांच्या बुडाला आणि स्टँडच्या तळाला पेन्सिलनं आकडे घातलेत. आता हलणं नाही, पडणं नाही, मेण ओतून चिकटवणं नाही. टेबलावर कमानीत मांड. वरचा जबडा डोळ्यांसमोर आण म्हणजे जमेल. मेणबत्ती बसवल्यावर अर्धा तास पेटवू नये.

भावोजी कुठल्या बाजूनं चावतात? सहज विचारतोय. गार पाण्यानं कळ येते का? गाल सुजलाय का? माझा काही संबंध नाही. उजवी खालची, शेवटून दुसरी असणार. तिच्याकडे लक्ष ठेवायला हवं, असं मी तेव्हाच म्हणालो होतो.

मी येत नाही, हे पुन्हा लिहितो. बाजू मात्र कळव.

लोभ घट्ट बसलेला असावा, हलता नसावा.

तुझा,
गुंड्या

२७ नोव्हेंबर

चि. गुंड्यास,
अ. उ. आ.

रात्रीच्या बसच्या ड्रायव्हरकडे द्यायचंय म्हणून घाईघाईत लिहिते आहे. स्टँड इतके सुरेख झालेत की सूनबाई एकेक हातात घेऊन बघत बसली होती. सात नंबरचा तेवढा खरखरीत आहे, घासायचा विसरलास वाटतं. पण ते राहू दे.

काल मी बाजारात गेले आणि इकडे हे कामाची तपासणी करायला बसले. शाळेत वह्या तपासायचे त्याच थाटात. बाराही मेणबत्त्या उपसून काढल्या आणि बुडाचे आकडे खोडरबरानं स्वच्छ खोडून टाकले. का, तर पाहुण्यांपुढे पेन्सिलची गिचमीड बरी दिसत नाही. मग परत लावायला गेले तर एकही धड बसेना. दुपारभर सारखी अदलाबदल. शेवटी वैतागून एक जाडी मेणबत्ती सात नंबरात ठोकून बसवली, ती बाहेर निघेना. मग ह्यांनी स्टँड दोन्ही हातांनी धरला, मेणबत्ती दाढेत पकडली आणि ओढली.

मेणबत्ती जागच्या जागी आहे. दाढेचा तुकडा पडला, तो मेणात रुतून बसलाय. सूनबाई आधी हसून हसून खाली बसली आणि मग घाबरून रडायला लागली. आता गाल असा सुजलाय की चष्मा तिरका बसतो. नव्या डॉक्टरकडे न्यायला रिक्षा बोलावली, तर हे न्हाणीघरात शिरले आणि आतून कडी लावली.

गुंड्या, मला आता हसूही येत नाही. सगळे पाहुणे येतील, टेबल सजेल आणि माझी दोन माणसं तेवढी टेबलावर नसतील, एक तुझ्या घरी आणि एक न्हाणीघरात. तू ये म्हणून मी आता सांगणार नाही, सांगून सांगून दमले. सोबत ह्यांचं पत्र आहे, दाराखालून सरकवलेलं. मी वाचलेलं नाही. म्हणजे एकदाच वाचलंय.

तुझी,
ताई

न्हाणीघर, २७ नोव्हेंबर

प्रिय डॉक्टर,
स. न. वि. वि.

गेल्या वर्षीच्या माझ्या भाषणात एक चूक राहून गेली. ती दुरुस्त करतो. गावातल्या सगळ्या दातांनी सुटकेचा निःश्वास टाकला, असं मी म्हणालो. सगळ्या नव्हे. माझा एकही त्यात नव्हता. त्या दिवशी मला फार वाईट वाटत होतं आणि वाईट वाटलं की मी विनोद करतो. शाळेतल्या पोरांना हे ठाऊक होतं. तुम्हालाही असेल, असं मी धरून चाललो.

उजवी खालची, शेवटून दुसरी. वर्षभर दुखते आहे. परक्या माणसापुढे तोंड उघडायची मला सवय नाही आणि या वयात ती लावून घ्यायची इच्छाही नाही. तुमची वाट बघायला माझी काही हरकत नाही. पण बाकडं तुम्ही कापून टाकलंत. आता मी बसू कुठे?

कळावे. राग कमी व्हावा, ही विनंती.

आपला,
भावोजी

२८ नोव्हेंबर

ती. भावोजींस,
शि. सा. न. वि. वि.

फोन करणार होतो, पण फोन तुम्हीच उचलता आणि तुम्ही तर न्हाणीघरात. म्हणून हे पत्र रात्रीच्या बसच्या ड्रायव्हरकडे देतोय. मी सकाळच्या बसनं निघतो. सगळी हत्यारं पिशवीत भरली आहेत. बाहेर या, कोमट पाण्यात मीठ घालून चुळा भरा आणि ताईचं ऐका. सात नंबरातली मेणबत्ती कुणालाही ओढू देऊ नका. आधी तुमची दाढ बघू, मग तिला काढू. तीस तारखेला तुम्हाला मऊ भातच मिळेल. मीही शेजारी बसून तोच खाईन.

बसायला घरातली कुठलीही खुर्ची चालेल. फक्त हातात सात नंबरचा स्टँड धरा. तो मी घासायला विसरलो नव्हतो. बाकड्याचं तुमच्या बाजूचं टोक आहे ते. ओरखडे होते तसेच ठेवलेत, बोटं आपोआप जागेवर बसतील.

दुखलं तर डावा हात वर करा.

तुमचाच,
गुंड्या