उघड्या बोल्टवरचं कुंकू

कोल्हापूर,
११ जानेवारी २०२६

बादशहाभाई,

सलाम. सुलतानभाभींचे गुडघे कसे आहेत? कबनूरला तुम्ही यंत्रमागांच्या दुरुस्तीला जाता असं कळलं. इकडे सगळं चालू आहे. शिरोलीचा रस्ता पुन्हा खोदला आहे, त्यामुळे रोज दहा मिनिटं उशीर होतो आणि रोज माझं डोकं फिरतं. तुमच्या बाकावर आता सांगलीचा एक फिटर बसतो. वेळेवर येतो, एवढंच त्याचं कौतुक.

दोनदा फोन केला. दोन्ही वेळा मुबशिरानं उचलला आणि "अब्बा घरात न्हाईत" म्हणाली. मागं तुमचं खोकणं ऐकू येत होतं. माझ्यापायी पोरीला खोटं बोलावं लागू नये, म्हणून पत्र लिहिते आहे.

आपल्या पहिल्या रायफलीबद्दल लिहायचं आहे. तुम्हाला बरंचसं माहीत आहे, तरी क्रमानं लिहिते. तपासणीच्या कामामुळे मला अहवालाची सवय आहे.

कारखान्याला हत्यारांचा परवाना मिळाला आणि गेल्या ऑगस्टमध्ये आपली पहिली सेमी-ऑटोमॅटिक तयार झाली. पहिल्या शंभर गोळ्यांत ती चौदा वेळा अडकली. तुम्ही म्हणालात, "नवी हाय बाई. कोरी चप्पल चावतीच की."

मी म्हणाले, "चप्पल चावली तर फोड येतो. ही चावली तर बोट जाईल."

मग दर वीस गोळ्यांनी ती खोलायची, पुसायची, वहीत लिहायचं. आधी मॅगझिनचे, म्हणजे गोळ्यांच्या डबीचे, ओठ दुरुस्त केलेत, मग स्प्रिंग बदललीत. शेवटी रिकामी पुंगळी बाहेर ओढणारी आकडी तीन दिवस केसाकेसानं घासलीत. त्यानंतरच्या दोनशे गोळ्यांत एकही अडकली नाही. माझ्यापुढं चहाचा कप सरकवलात.

मग खंडेनवमी आली. लेथ, ड्रिल, कानशी, सगळं मांडलं होतं आणि मधोमध रायफल. दरवर्षी पूजा करणाऱ्या मालकीणबाई, अमरसिंहांच्या मंडळी, माहेरी गेल्या होत्या. झाडलोटीची बायडाबाई तबक घेऊन उभी. "मग पूजा कोण करायची?"

"बाई करतील की," तुम्ही म्हणालात. "पैली गोळी त्यांनीच मारलीया."

"त्यांनी कसं..." बायडाबाई पुटपुटली.

"कसं म्हंजे? हातानं."

दोघंतिघं हसले. मी तबक घेतलं. आमचे हे २००९ साली गेले. त्यानंतर कुणी माझ्या हातात हळदकुंकवाचं तबक दिलं नव्हतं. मी बी.एस्सी. फिजिक्स, १९८५ ची. हे सगळं थोतांड आहे असं मी आयुष्यभर ठणकावून सांगत आले. तरी त्या दिवशी मी ते तबक दोन्ही हातांनी घट्ट धरलं. तुम्ही ते पाहिलंत आणि दुसरीकडे बघितलंत.

टेबलावर ठेवलेल्या रायफलीचा बोल्ट, म्हणजे नळीमागचा सरकता दट्ट्या, उघडाच असला पाहिजे, म्हणजे ती रिकामी आहे हे येणाऱ्याजाणाऱ्याला दिसतं. हा माझा नियम. पूजेतही मी तो मोडू दिला नाही. त्या उघड्या बोल्टवर मी हळद, कुंकू, अक्षता वाहिल्या, वर नारळाचं पाणी शिंपडलं. दुसऱ्या दिवशी दसऱ्याची सुट्टी. पूजेतल्या हत्याराला कुणी हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी दहाला रायफल बघायला खरेदी समिती येणार होती. तुम्ही म्हणालात, "पूजेतनं तुम्ही उचला बाई, मग मी एकदा खोलून बघतो." मी म्हणाले, "मी पुसली आहे. नळी बघितली आहे. पाहुणे गेटवर आलेत."

पाहुण्यांसमोर सहाव्या गोळीला पुंगळी अडकली. मग नवव्या. मग लागोपाठ दोन. अकराला पाहुणे निघून गेले आणि अमरसिंह म्हणाले, "मॅडम, कारण पाहिजे. आजच."

आता जे तुम्हाला माहीत नाही ते. मी रायफल तपासणीच्या खोलीत नेली आणि दार लावून घेतलं. बोल्टवरच्या आकडीच्या खाली तेलात कालवलेलं कुंकू घट्ट बसलं होतं. त्यामुळे आकडीला पुंगळीची कड धरताच येत नव्हती. मी ते फडक्यानं पुसलं आणि दहा गोळ्या मारल्या. दहाच्या दहा पुंगळ्या बाहेर पडल्या.

मग बसून लिहिलं: आकडीची फिटिंग सदोष. जबाबदार, बादशहा मुजावर.

तुम्ही तो कागद वाचलात आणि एवढंच विचारलंत, "बाई, खोलून बघितलं न्हवं?"

मी म्हणाले, "बघितलं."

सत्तावीस वर्षं काम केलेल्या फिटरला त्या एका ओळीवर घरी पाठवलं. त्यानंतर तुम्ही दोन ठिकाणी काम मागायला गेलात आणि दोन्हीकडे ती ओळ तुमच्या आधी पोचली होती, हेही मला कळलं आहे.

नोकरी जाईल म्हणून मी हे केलं नाही. माझी नोकरी गेली नसती. पूजा कुणी केली हे सगळ्यांना ठाऊक होतं. कुंकू सापडलं म्हटल्यावर विधवेचा हात लागला म्हणून पहिलंच हत्यार अडलं, असं कुणीतरी बोललं असतं. ते वाक्य मला ऐकायचं नव्हतं. तुम्ही सगळ्यांसमोर माझा मान राखला होतात आणि तो टिकवायला मी तुमचं नाव घातलं.

गेल्या गुरुवारी सकाळच्या मीटिंगमध्ये मी हे सगळं बोलले. अमरसिंह अगदी सौम्यपणे म्हणाले, "म्हणूनच मॅडम, तुमचा हात लागायला नको होता." बायडाबाई खाली मान घालून फरशी पुसत राहिली. तीन महिने मी ज्याला भीत होते, ते वाक्य एवढंच होतं. ऐकून झाल्यावर मी पुढच्या विषयाचा कागद उघडला.

अहवाल मात्र अमरसिंह बदलायला तयार नाहीत. "पूजेनं रायफल अडली असं समितीला कळवू? हसतील लोक. फाईल बंद झाली आता."

म्हणून खरा अहवाल वेगळा लिहिला आहे. सोबत तीन प्रती आहेत, प्रत्येकीवर माझी सही आणि फोन नंबर. जिथं जाल तिथं द्या. त्याचा उपयोग होईलच असं मी सांगत नाही. कारखान्याचा शिक्का त्यावर नाही, आणि पहिल्या कागदावर तो आहे.

राजीनामा दिलेला नाही. दिला असता तर मी चांगली दिसले असते, आणि कुणी चौकशीला फोन केला तर इथं उत्तर द्यायला कुणी उरलं नसतं. उत्तर नाही आलं तरी चालेल. फक्त हे पत्र मुबशिराला वाचायला द्या. बापाचं काम चुकलं नव्हतं, हे तिनं माझ्याच अक्षरात वाचावं.

खोटा अहवाल लिहिणारी,
संयोगिता इंगवले