तू कधीच न पाहिलेलं इंजिन

ऑक्टोबरचा तिसरा रविवार, ईडन प्रेरी

आई,

फार दिवसांनी लिहिते आहे, माफ कर. डायरी रोज लिहिते, पण तिच्यात तुझ्याशी बोलणं होत नाही. तिच्यात ऑफिस असतं, मुलीची शाळा असते आणि माझीच उलटतपासणी असते, जी तुला कधी आवडली नाही. "स्वतःला इतकं काय खोदून राहिली?" म्हणायचीस. तू गेल्यावर पहिली काही वर्षं मी तुला अशी पत्रं लिहायची. मग मूल झालं, नोकरी बदलली आणि ती कधी थांबली ते कळलंही नाही. आज बसले, कारण काल जे घडलं ते दुसऱ्या कुणाला सांगायचं तर आधी इंजिन समजावून द्यावं लागेल. तुला ते लागणार नाही.

आमच्याकडे रोटरी इंजिन आहे, आई. खरं, लोखंड-ॲल्युमिनियमचं, तेलाच्या वासाचं. अपघातात चेपलेल्या एका जपानी स्पोर्ट्स कारमधून काढलेलं. तुझ्या जावयाने आणि मी मिळून दोन माणसांचं छोटं विमान बांधलं आहे, आणि त्याच्या नाकात हे इंजिन बसवलं आहे. इथे लोक घरी विमान बांधतात, सरकार तशी परवानगी देतं. सांगाडा त्याने बांधला, विमान उडवायचं लायसन्सही त्याचंच. इंजिन माझ्याकडे. तसं आम्ही ठरवलं नव्हतं, पण इंजिन हँगरमध्ये आलं त्या दिवशी मी त्याच्या डब्यावर हात ठेवला आणि तो म्हणाला, "बरं, म्हणजे हे तुझं."

तुला हे इंजिन कधी बघायला मिळालं नाही, आणि तरी तू ते किती वर्षं शिकवलंस. पॉलिटेक्निकच्या लॅबमध्ये कोपऱ्यातल्या टेबलावर तुझं ते प्लायवुडचं मॉडेल होतं. मधोमध किंचित आवळलेल्या लंबगोल डब्यात फुगीर बाजूंचा त्रिकोण, म्हणजे रोटर, मागे हँडल, आणि त्रिकोणाच्या तिन्ही टोकांना सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या, कारण ती टोकं सतत भिंतीला टेकून राहायला हवीत. आपल्या जेवणाच्या टेबलावर बसून तू तो आकार कापत होतीस, सगळ्या घरात भुसा, आणि मी पोळीवरचा भुसा फुंकते आहे. वर्गातला एक मुलगा म्हणाला होता, "मॅडम, हे इंजिन आपल्या देशात आहे तरी का?" तू म्हणालीस, "नसेल. म्हणून काय समजून घ्यायचं नाही?" एकदा बाहेरून परीक्षक आले होते, त्यांनी हसून विचारलं, "हे काय, खेळणं?" तू हँडल त्यांच्या हातात दिलंस. "फिरवा ना सर. त्रिकोणाच्या एका फेरीत किती वेळा आग लागते, सांगा." ते म्हणाले, एकदा. तू त्यांच्याबरोबर हँडलला हात लावून सावकाश फिरवलंस, एक, दोन, तीन, आणि चहा मागवलास. सुट्टीत मी लॅबमध्येच असायची, म्हणून हे पाहिलं. त्या विभागात तू एकटी बाई होतीस, आपल्या वस्तीतून तिथवर पोचलेलीही तू एकटीच. हे तू कधी बोलून दाखवलं नाहीस. मला ते फार नंतर, इथे मीटिंगमध्ये एकटी बसलेली असताना कळलं.

तुझ्या लॅबचा एक नियम होता. इंजिन टेस्टला लावलं की सुरू करण्याआधी ज्याने ते जोडलं त्याने मोठ्याने सांगायचं, यात पहिलं काय मोडेल. गॅस्केट म्हण, पाइप म्हण, काहीही म्हण, पण विचार करून. "काही मोडणार नाही, मॅडम" असं जो म्हणेल त्याला तू बाहेर पाठवायचीस. रागावून नाही. "जा, चहा पिऊन ये, मग पुन्हा बघ त्याच्याकडे." मलाही एकदा पाठवलं होतंस, सगळ्या मुलांसमोर, आणि मी घरी येईपर्यंत तुझ्याशी बोलले नव्हते. तू भाजी चिरत म्हणालीस, "पोरगी माझी आहे म्हणून इंजिन थोडंच ऐकणार आहे?"

गाडीचं इंजिन विमानाला लावायचं म्हणजे काय करावं लागतं ते तू ओळखलंच असशील. हे इंजिन फार वेगाने फिरतं, पंख्याला तेवढा वेग चालत नाही, म्हणून मधे गिअर. इंधनाचे पंप दोन, ठिणगीची व्यवस्था दुहेरी, कारण आकाशात गाडी बाजूला घेता येत नाही. आणि उष्णता! त्यातली किती तरी तेलातून बाहेर काढावी लागते. परवा धम्मचक्र प्रवर्तन दिनाला इथल्या हॉलमध्ये आपली माणसं जमली होती, वंदना झाली, जेवणं सुरू झाली आणि एक जण ताट घेऊन शेजारी आला. "वहिनी, विमानाला गाडीचं इंजिन? यार, त्यांच्यावर काही राग आहे का?" सगळे हसले, तुझा जावई सगळ्यात मोठ्याने. शेजारच्या हँगरमध्ये एक गोरे गृहस्थ असतात, निवृत्त, त्यांचा विमानाच्या इंजिनाशिवाय कशावर विश्वास नाही. त्या त्रिकोणावरून ते आमच्या इंजिनाला चिप्सचं नाव देऊन बसलेत. रोज दारातून ओरडतात, "काय, नाचो शिजला का आज?"

आणि तो शिजत होता. उन्हाळाभर तेच. विमान जमिनीला बांधून इंजिन पूर्ण जोरात चालवलं की तेलाच्या तापमानाचा काटा चढायचा, चढतच राहायचा. वरचं झाकण काढून चालवलं की काही नाही. झाकण लावलं की पुन्हा तेच. मी झाकणाच्या पुढचं तोंड मोठं केलं, जास्त हवा आत जावी म्हणून. फरक नाही. आणखी मोठं केलं, तर काटा उलट थोडा लवकर चढला. इतकी शिकलेली मी, महिनाभर तोंडच मोठं करत होते. मग एका संध्याकाळी घरी सावजी मसाल्याला लाल मिरच्या भाजत होते, ठसका लागला, मुलगी "मॉम, स्मोक अलार्म!" करून पुढचं दार उघडायला धावली, आणि मला आपलं नागपूरचं स्वयंपाकघर दिसलं. मी टेबलफॅन आणून दारात लावते आहे आणि धूर सगळा तुझ्या तोंडावर. तू डोळे पुसत आलीस, फॅन बंद केलास, मोरीकडची खिडकी उघडलीस. "आधी आतल्या हवेला जाऊ दे, मग बाहेरची येईल ना." मी गॅस बंद करून झाकणाचं चित्र काढायला बसले. हवेला बाहेर पडायला जागाच नव्हती, आई. पुढचं तोंड मी पुन्हा लहान केलं आणि खालची वाट रुंद केली.

काल दुपारी शेवटची चाचणी होती. ऊन होतं पण हवा गार. तपासणी करणारा अधिकारी मागेच येऊन उडवायला परवानगी देऊन गेला होता, राहिलं होतं ते आमचं आम्हाला पटणं. इथे नोव्हेंबरात बर्फ पडू लागलं की एप्रिलपर्यंत हँगरचं दारसुद्धा नीट उघडत नाही, आणि पहिल्या उड्डाणात पायलटशिवाय कुणाला बसता येत नाही. म्हणजे तो एकटा, आणि मी खाली. त्याने पूर्ण जोर दिला, किती तरी वेळ तसाच ठेवला, आणि काटा मधे जाऊन थांबला तो हललाच नाही. तो आतून अंगठा दाखवत होता. मी रडत होते की काय कोण जाणे, वाऱ्याने डोळ्यांत पाणी येतंच.

तो उतरून आला. "पुढचा शनिवार," म्हणाला. "वारा पडलेला असणार आहे, मी बघून ठेवलंय. उडवू या ना?"

"आधी एक सांग. यात पहिलं काय मोडेल?"

"काही नाही. तू बांधलंयस."

हे तो कौतुकाने म्हणाला. कान लाल झालेले, हातमोजे काढता काढता. शेजारचे गृहस्थ कॉफीचा कप घेऊन दारात उभे होते, त्यांना मराठी कळत नाही, ते नुसते हसत होते.

"हे उत्तर चालत नाही," मी म्हटलं.

"अगं, मी काय परीक्षेला बसलोय? सासूबाईंच्या नियमात तर जोडणाऱ्याने सांगायचं असतं. जोडणारी तू. मग सांग, पहिलं काय मोडेल?"

आणि मी क्षणही न थांबता म्हणाले, "एक्झॉस्टचा पाइप. मागच्या रोटरकडून येऊन वळतो, तिथला जोड."

त्याने हातमोजे विंगवर ठेवले. या इंजिनाचा धूर किती तापतो हे त्याला ठाऊक आहे. तो जोड फाटला तर झाकणाच्या आत ज्वाळ येते, आणि तिच्या बाजूनेच इंधनाची नळी जाते. "कधीपासून वाटतंय तुला?"

"दोन-तीन चाचण्यांपासून. वेल्ड मी केलंय. रंग वेगळा दिसतो तिथे, बारीक तडा असला की दिसतो तसा."

"आणि बोलली नाहीस."

शेजारच्यांना भाषा कळली नाही तरी काय चाललंय ते कळलं असावं. कप हलवून निरोप घेत ते निघून गेले. तुझा जावई इंजिनाकडे वळला. मग म्हणाला, "शनिवार कॅन्सल. बर्फ तर बर्फ." आवाज चढवला नाही. गाडीत बसल्यावर म्हणाला, "मला तर सासूबाईंनी बाहेर काढलंच असतं. तुला काय केलं असतं गं?"

आज सकाळपासून तेच विचारते आहे स्वतःला. इतके दिवस मला वाटत होतं की मी घाबरट आहे. तो वर जाणार आणि मी खाली उभी राहणार याची भीती आहे, आणि ती मी तुझ्या प्रश्नाखाली झाकते आहे, पुन्हा तपासू, पुन्हा चालवून बघू, असं करत. डायरीत पानंच्या पानं लिहिली त्यावर. पण भीती असती तर तो जोड मी पहिल्याच दिवशी बॅटरीचा उजेड टाकून बघितला असता. मी नजर टाकली, स्टील तापलं की रंग बदलतोच असं स्वतःला सांगितलं, आणि झाकण लावून टाकलं.

त्याच्यापेक्षा मला जास्त हवं होतं ते उड्डाण, आई. बर्फ पडायच्या आत धावपट्टीच्या कडेला उभं राहून ते इंजिन माझ्या डोक्यावरून जाताना ऐकायचं होतं. हे त्याला अजून सांगितलेलं नाही, आणि हे पत्र डायरीतच राहील.

उद्या: ऑफिसनंतर हँगरवर जाऊन एक्झॉस्टचा पाइप उतरवणे.