डाग कुठल्या गालावर

शनिवार, ता. १४

ती. ताई,

नमस्कार. गुडघा कसा आहे? तेल चोळतेस की नुसतीच बाटली उशाशी ठेवतेस? 'इकडे सगळं खुशाल' असं लिहायची सवय, तेवढं एक वाक्य आज सोडतो. सोमवारी कोर्टात निकाल, तू येणारच. त्याआधी वाचावंस म्हणून तुझ्या लेकीच्या हाती धाडतोय. तोंडावर सांगायची छाती नाही.

परवा खुर्चीत एक गिऱ्हाईक होतं, गालावर तीळ. मी वस्तरा पुसत होतो, तेवढ्यात काहीतरी विचारायला तो माझ्याकडे वळला आणि तीळ या बाजूचा त्या बाजूला गेला. रोजचंच आहे गं, जन्मभर बघतोय. पण या वेळी मी वस्तरा खाली ठेवला.

भाऊजींना त्यांच्या घड्याळांच्या दुकानात भोसकून तो पळाला, तेव्हा मी रस्त्यापलीकडे माझ्या दुकानात एकाची दाढी करत होतो. रस्त्याकडे पाठ. मी पाहिलं ते आरशात. पोलिसांना म्हणालो, पाहिलं. कोर्टातही तेच. खोटं बोलायचं मनातही नव्हतं. आम्ही दिवसभर आरशातच बघतो, ते वेगळं सांगायचं सुचतच नाही. वकिलानेही विचारलं नाही.

आरशात त्याच्या गालावरचा भाजल्याचा डाग माझ्या डाव्या हाताला होता. ओळखपरेडीत समोर उभ्या असलेल्या एकाचा डागही माझ्या डाव्या हाताला. डोक्यातलं चित्र जसंच्या तसं जुळलं, मी बोट दाखवलं. पण ताई, समोरासमोर उभ्या माणसाचा तो गाल उजवा. आरशातल्याचा डावा. हा तो नव्हेच.

मी बोट दाखवलेला तो माणूस कोर्टात एवढंच म्हणाला होता, "दादा, नीट बघा हो." तेव्हा मला त्याचा संतापच आला होता. आता वस्तरा हातात घेतला की तेच कानात वाजतं. त्याला लटकवतील ताई, माझ्या एका बोटावर.

तू माझे हात डोळ्यांना लावून म्हणालीस, "तू होतास म्हणून तो सापडला." त्या दिवसापासून तू दोन घास जेवायला लागलीस. तेच आता मी काढून घ्यायचं? गप्प बसून पाहिलं, कुणाला कळणार होतं? नाही जमत. सोमवारी निकालाआधी न्यायाधीशांपुढे सांगणार आहे. मलाच आत टाकतील, नाहीतर हाकलून देतील. ऐकतीलच असं नाही. आणि खरा मारेकरी मोकळाच आहे. उद्या याच खुर्चीत दाढीला येऊन बसेल.

माझ्याकडे बघवलं नाही तर नको बघूस. पण मी बोलत असताना उठून जाऊ नकोस गं, माझी वाचाच बसेल.

अजून तुझाच असेन तर,
बारक्या