फळ्याच्या कोपऱ्यातलं नाव

बाई, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली. तरी आज तुमच्याशीच बोलावंसं वाटतंय, कारण दुसऱ्या कुणाला हे सांगायची माझी हिंमत नाही. मी चिकलठाण्याला चौथीचा वर्ग घेते आणि तुमचीच पद्धत अजून चालवते. बाई ऑफिसात गेल्या की मॉनिटरनं खडू घ्यायचा आणि बोलणाऱ्यांची नावं फळ्याच्या कोपऱ्यात लिहायची. आज सकाळी एका मुलीची आई तिला ओढतच घेऊन आली. कंपनीत जायला उशीर होत होता, दारातूनच बोलली. "मॅडम, आठ दिवस झाले पोरगी धड जेवंना. शाळंचं नाव काढलं की पोटात दुखतंय म्हणती. कुणी काय बोललं का हिला?" बघते म्हटलं. दुपारी ऑफिसातून परत आले, तर कोपऱ्यात त्याच मुलीचं नाव. काल तेच होतं, परवाही तेच. वर्गात सगळ्यात कमी बोलणारी मुलगी ती, आणि मी रोज नाव वाचून तिला दाराबाहेर उभी करत होते.

तुमच्या हर्सूलच्या वर्गात मी मॉनिटर होते, आठवतं? मागच्या बाकावर ती उंच मुलगी बसायची, जिच्याशिवाय आमच्यात पान हलत नसे. अजिंठ्याकडून एक नवीन मुलगी आली होती. तिच्या प्रत्येक "व्हय"ला पोरी हसायच्या, म्हणून तिनं बोलणंच सोडलं होतं. तुम्ही बाहेर जाता, मी खडू घेऊन उभी राहते, आणि मागून उंच मुलगी सांगते, "तिचं लिही, नाय तर उद्यापासून तुझ्याशी पण कट्टी." कट्टी म्हणजे डबा एकटीनं खायचा आणि लंगडीला भिंतीपाशी उभं राहून बघत बसायचं. मी लिहिते, रोज लिहिते. एकदा ती नवीन मुलगी तुम्हाला म्हणाली, "बाई, म्या नाय बोलले." तुम्ही म्हणालात, "मग नाव काय आपोआप उमटलं?" सगळा वर्ग हसला, मीही हसले. दिवाळीच्या सुट्टीनंतर ती आलीच नाही. तुम्ही मला मोत्यासारख्या अक्षराबद्दल रंगीत खडूंची पेटी दिलीत. ती मी कित्येक दिवस उशाशी घेऊन झोपायचे, याची आता शिसारी येते.

आज शाळा सुटल्यावर मॉनिटरला थांबवून विचारलं, "तिचं नाव का लिहितेस गं?" तिनं मान खाली घातली. "मॅडम, नाय लिहिलं तर माझ्याशी कुणी बोलत नाय." मी फळा पुसला. पुसून काय होणार? उद्या हेच नळापाशी होईल, रिक्षात होईल, आणि ही सुटली तर दुसरी कुणी सापडेल. मी काही थांबवू शकेन असं मला वाटत नाही. गेल्या आठवड्यात ती मुलगी "मी नाही बोलले" म्हणाली, तेव्हा माझ्या तोंडून तुमचंच वाक्य आलं होतं, जसंच्या तसं.

खरं तर तुमच्यावर राग काढायला बसले होते. हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून एक सांगून टाकते. आज मॉनिटरशी बोलत होते, तेव्हा ती मुलगी फाटकाशी एकटीच रिक्षाची वाट बघत उभी होती, खिडकीतून मला दिसत होती. जवळ घेतलं ते मात्र मी मॉनिटरला.