अविवाहित म्हणून केलेली सही

उंब्रज, सोमवार, १२ फेब्रुवारी १९९६

आज तालुक्याच्या कचेरीत कुबड्या टेकत जिना चढले. निराधार योजनेचा पगार चालू राहावा म्हणून दरवर्षी अर्ज भरून द्यावा लागतो. मीच वेड्यासारखं विचारलं, लग्न झालं तर? कारकून वयस्कर, तसा चांगला माणूस. म्हणाला, "आवं ताई, नवरा आला की आधार आला. मग तुमी निराधार कशा? पगार बंद हुणार."

लग्न झालं की पाय बरा होतो का? हे तेव्हा सुचलं नाही. ज्याच्याशी लग्न ठरलंय त्या दत्तूला दिसत नाही. मलकापुरात त्याचा फोनचा बूथ आहे, त्यात त्याचंच कसंबसं भागतं. आईच्या दम्याची औषधं माझ्या पगारातून येतात. ती कुठून आणू?

अर्जात रकाना होता, विवाहित की अविवाहित. लग्न पुढच्या महिन्यात आहे, म्हणून अविवाहित लिहिलं. ते खरंच आहे ना? मग सही केल्यावर तो रकाना पुन्हा पुन्हा का वाचला?

संध्याकाळी वाण्याच्या दुकानात दत्तूचा फोन आला. त्याला सगळं सांगितलं. म्हटलं, देवळात माळा घालू, कुणाला कळवायचं नाही, म्हणजे पगार चालू राहील. माझ्याच तोंडून निघालं हे. तो मग म्हणाला, "आन् लोकांनी इचारलं तर मी कोन म्हनून सांगशील?"

मी फोन ठेवून दिला.

घरी आईनं विचारलं, "काय म्हणाले जावई?"

म्हटलं, "तुझी खुशाली विचारत होते."